पाय जड, लघवी अडते, आणि एमआरआय फक्त कमरेचा

"चप्पल पायातून निसटते का?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "निसटली की तुम्हाला कळतं, की मागून कुणीतरी सांगतं?"

मज्जारज्जूच्या आजाराचा संशय आला की न्यूरॉलॉजिस्ट हे हमखास विचारतात. मी फिजिओथेरपिस्ट, पण हे प्रश्न मीही उचलले आहेत, कारण दोन वाक्यांत ते पुष्कळ सांगून जातात. चप्पल निसटते आणि कळतं, तर घोट्याची ताकद कमी झाली असावी. निसटली आणि माणूस तसाच चार पावलं पुढे गेला, तर तळपायाची जाणीवच कमी झालेली असते. तिसरा प्रश्न आंघोळीचा. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का? डोळे उघडे असतात तोवर पाय कुठे आहेत हे नजर सांभाळून घेते. मिटले की सगळा भार मज्जारज्जूतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदनांवर येतो. तिथे गडबड असेल तर माणूस मोरीची भिंत धरतो.

ठाण्यात साठीच्या आसपासच्या पुरुषांची पाय जड होण्याची तक्रार रोजची आहे. स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबावं लागतं, तलावपाळीची एक फेरी पूर्ण होत नाही. बहुतेकांचं कारण साधंच निघतं: कमरेत नस दबलेली, गुडघे झिजलेले, नाहीतर मधुमेहाने नसा कमजोर झालेल्या. पण एखाद्याचं चित्र या कशातच बसत नाही. त्याचे पाय व्यायामाने सुधारण्याऐवजी त्या दिवसापुरते आणखी बिघडतात. चालून आला की पाय लटपटतात, बसला की जरा बरं. वर लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाची तक्रार असते. मला धास्ती वाटते ती अशा रुग्णाची, कारण त्याच्या पाठीत रक्तवाहिन्यांची एक चुकीची जोडणी असू शकते. ती वेळेत सापडली तर बंद करता येते. उशिरा सापडली तरी बंद करता येते, पण मग गेलेलं सगळं परत येत नाही.

या जोडणीचं नाव लांबलचक आहे: स्पायनल ड्युरल आर्टेरिओव्हिनस फिस्ट्युला. मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांच्या विकृतींमध्ये हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो, साधारण दहातल्या सात रुग्णांत. तरीही तो दुर्मीळच. वर्षाला दहा लाख लोकांमागे ५ ते १० नवे रुग्ण, असा अंदाज दिला जातो. ठाणे शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाखांच्या वर होती. तोच दर ढोबळपणे लावला तर शहरात वर्षाला नऊ ते अठरा जण होतात, आणि आपल्याकडे तरुण जास्त असल्याने खरा आकडा त्याहून कमीच असेल. म्हणजे गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण भेटणार, किंवा तोही नाही. स्त्रियांच्या मानाने पुरुषांत हा आजार सुमारे पाचपट आढळतो, आणि तोही बहुधा पन्नाशी-साठीत.

बिघाड नेमका कुठे

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून खाली येणारा नसांचा जाड दोर. तो पाठीच्या कण्याच्या पोकळीत असतो आणि त्याच्याभोवती ड्युरा नावाचं चिवट आवरण असतं. रोहिण्या हृदयाकडून दाबाने रक्त आणतात, ते रक्त बारीक केशवाहिन्यांतून झिरपतं, तिथे त्याचा जोर उतरतो, आणि मग नीला ते संथपणे परत नेतात. फिस्ट्युलामध्ये मधला केशवाहिन्यांचा टप्पाच गळतो. जिथे मज्जातंतूचं मूळ आवरणातून बाहेर पडतं, तिथे ड्युराला रक्त पुरवणारी एक छोटी रोहिणी थेट नीलेत उघडते. ती नीला एरवी मज्जारज्जूचं रक्त बाहेर नेणारी असते. आता तिच्यातून रोहिणीचं रक्त उलट्या दिशेने, आतल्या बाजूला, मज्जारज्जूच्या पृष्ठभागावरच्या नीलांच्या जाळ्यात शिरतं.

ठाणेकरांना आणि नवी मुंबईकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. खाडीला मोठी भरती असताना वरून पाऊस कोसळला की नाल्याचं पाणी खाडीत उतरत नाही, उलट गल्लीत शिरतं. गल्लीतल्या कुणाचा नळ फुटलेला नसतो, पाण्याला जायला जागा नसते एवढंच. म्हणून सिडकोने नवी मुंबईत खाडीकाठी धारण तलाव बांधले आणि भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांना झडपांची दारं बसवली. मज्जारज्जूवरच्या नीलांना अशा झडपा नसतात. बाहेरून दाब आला की तो थेट आतपर्यंत पोहोचतो. काही रुग्णांच्या ऑपरेशनच्या वेळी या नीलेतला दाब प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा तो शरीराच्या सरासरी रक्तदाबाच्या जवळपास पाऊणपट भरला. नीलेत एवढा दाब असला की मज्जारज्जूतलं वापरलेलं रक्त बाहेर निघत नाही, पेशींना सूज येते, ताजं रक्त पुरेसं पोहोचत नाही आणि मज्जारज्जू हळूहळू गुदमरतो.

दोन गोष्टी यातून आपोआप उलगडतात. एक, चालल्यावर किंवा जड उचलल्यावर रक्तदाब वाढतो, तसा या नीलेतलाही वाढतो, म्हणून श्रमाने पाय बिघडतात. दुसरी जास्त चकवणारी आहे. फिस्ट्युला छातीच्या मागे असो की कमरेच्या वर, सूज बहुतेकदा मज्जारज्जूच्या सर्वांत खालच्या टोकापासून सुरू होते आणि वर सरकते. उभ्या माणसात खालच्या टोकाच्या नीलांवर दाब जास्त पडतो आणि तिथून रक्त बाहेर काढणाऱ्या वाटाही कमी असतात. पाय, लघवी, शौच आणि लैंगिक क्षमता यांचं नियंत्रण त्याच टोकाकडे. त्यामुळे जोडणी डी-६ ला, म्हणजे छातीमागच्या सहाव्या मणक्याला, असली तरी तक्रार पावलांपासून सुरू होते, आणि सूज कुठे दिसते यावरून जोडणी कुठे आहे हे सांगता येत नाही. क्वचित ती कवटीच्या तळाशीही सापडते.

चुकीच्या दारांची रांग

निदान व्हायला एक ते तीन वर्षं लागणं या आजारात जगभर नेहमीचं आहे. आपल्याकडे ही वर्षं कशी जातात ते मी एका काल्पनिक रुग्णावर सांगते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कळव्याला राहणारे एक काका घ्या. तळपाय बधिर वाटतात, गादीवर चालल्यासारखं वाटतं. साखर तपासली जाते, बी-१२ ची इंजेक्शनं होतात. बी-१२ कमी निघालं तर सगळ्यांना हायसं वाटतं, कारण आपल्या शाकाहारी घरांत ते कमी निघतंच. मग कंबर दुखते म्हणून कमरेचा एमआरआय. त्यात एल-४ एल-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, चकती फुगलेली दिसते. साठीच्या माणसाच्या कमरेत ती दिसणारच, त्रास नसलेल्यांतही दिसते. "मणक्यात गॅप आलाय," असं घरात ठरतं. पट्टा, ट्रॅक्शन, व्यायाम. लघवीची तक्रार वेगळ्या डॉक्टरकडे जाते, सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेलं निघतं, त्याच्या गोळ्या सुरू. पायाचा कागद एका फाइलमध्ये, लघवीचा दुसऱ्या. काहींचं तर चकतीचं किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशनही होऊन जातं आणि पाय आहेत तसेच राहतात.

यात कुणी निष्काळजी होतं असं नाही. प्रत्येक तपासणीत काहीतरी सापडत गेलं, आणि सापडलेली प्रत्येक गोष्ट त्या वयाला शोभणारी होती. पण पाय आणि लघवी एकत्र बिघडतात तेव्हा दोन्हींना सांधणारी जागा म्हणून मज्जारज्जूकडे पाहिलं पाहिजे, आणि ते कमरेच्या एमआरआयमध्ये नीट होत नाही.

कारण प्रौढ माणसात मज्जारज्जू एल-१ एल-२ मणक्यांच्या आसपास संपतो. त्याखाली नुसती नसांची जुडी असते. कमरेचा एमआरआय साधारण डी-११ किंवा डी-१२ पासून खाली माकडहाडापर्यंत घेतात. म्हणजे मज्जारज्जूचं जेमतेम टोक फिल्मच्या वरच्या कडेला येतं. तिथे पांढुरकी सूज असली तरी बघणाऱ्याची नजर एल-४ एल-५ वर खिळलेली असते. म्हणून माझं एक आग्रहाचं सांगणं आहे: ज्या रुग्णाचा पाय बधिर आहे, तोल जातो आणि लघवीचीही तक्रार आहे, त्याच्या डॉक्टरांना विचारा की कमरेबरोबर छातीच्या पातळीचा मज्जारज्जूही बघायचा का. बऱ्याच सेंटरवर 'होल स्पाइन स्क्रीनिंग' सोबत करून देतात. त्याच टेबलावर थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच. संशय पक्का असेल तर डॉक्टर डॉर्सल स्पाइनचा, म्हणजे छातीमागच्या मणक्यांचा, पूर्ण एमआरआय आणि कॉन्ट्रास्टही (वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) सांगतात.

त्यात दोन खुणा शोधायच्या असतात. पहिली, मज्जारज्जूच्या आत अनेक मणक्यांएवढी लांब, खालच्या टोकापर्यंत पोहोचलेली पांढरी सूज. दुसरी, मज्जारज्जूच्या बहुधा मागच्या बाजूला काळे वळवळते ठिपके. त्या फुगलेल्या नीला. वाहतं रक्त एमआरआयमध्ये काळं दिसतं, रिपोर्टमध्ये त्यांना 'फ्लो व्हॉइड' लिहितात. त्या ठळक असतील तर काम सोपं. पण काही रुग्णांत त्या इतक्या बारीक असतात की साध्या एमआरआयवर दिसत नाहीत, आणि नुसती सूज पाहून रिपोर्टवर 'मायलायटिस' अशी शक्यता लिहिली जाते.

इथे जरा थांबते, कारण सर्वांत मोठा धोका याच वळणावर आहे. मायलायटिस म्हणजे मज्जारज्जूचा दाह, आणि त्यावरचा नेहमीचा उपचार म्हणजे शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस. दाह असेल तर तो योग्यच. पण फिस्ट्युलाच्या रुग्णाला हे डोस मिळाल्यावर काही तासांत किंवा दिवसांत पाय पूर्ण लुळे पडल्याच्या नोंदी जगभरातून आल्या आहेत. असं का होतं यावर एकमत नाही. शरीरात मीठ-पाणी धरलं जाऊन नीलांवरचा दाब वाढतो, हे एक स्पष्टीकरण. याचा अर्थ स्टिरॉइडला नकार द्या असा नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. मात्र दाहाचा आजार बहुधा काही तासांत ते तीन आठवड्यांत शिखर गाठतो. ज्याचे पाय वर्षभर, कधी पायऱ्या-पायऱ्यांनी, बिघडत आलेत आणि वय साठ आहे, त्याच्या नातेवाइकांनी "हे रक्तवाहिन्यांचं असू शकतं का?" असं विचारण्यात काही उद्धटपणा नाही. स्टिरॉइडने पाय बिघडले तर ते त्याच दिवशी कळवायचं, औषध लागू पडायची वाट पाहत बसायचं नाही.

अठ्ठावीस वाहिन्यांची झडती

एमआरआय संशय देतो, शिक्कामोर्तब करते ती डीएसए, म्हणजे रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी. हृदयाची अँजिओग्राफी आता घराघरांत माहीत झाली आहे, पण ही वेगळी आणि बरीच चिकाटीची. जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी महारोहिणीत नेतात. तिथून प्रत्येक मणक्याच्या पातळीला डावीकडे-उजवीकडे एकेक फाटा निघतो. डी-३ पासून एल-४ पर्यंतच्या या १४ जोड्या, म्हणजे २८ वाहिन्या. प्रत्येकीच्या तोंडाशी नळी टेकवायची, थोडं कॉन्ट्रास्ट सोडायचं, श्वास रोखायला लावून चित्र घ्यायचं, पुढे सरकायचं. यात सापडलं नाही तर मानेतल्या आणि ओटीपोटातल्या वाहिन्याही तपासायच्या. काम तासन्तास चालू शकतं. रुग्ण हलू नये म्हणून काही ठिकाणी पूर्ण भूल देतात. आधी क्रिएटिनिन बघतात, कारण कॉन्ट्रास्टचा भार मूत्रपिंडावर येतो. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. धोका कमी असला तरी शून्य नाही, आणि म्हणूनच ही तपासणी अशा हातांनी व्हावी ज्यांना मज्जारज्जूच्या वाहिन्यांची सवय आहे. हृदयाची कॅथलॅब आहे म्हणजे ही तपासणीही तिथे होईलच, असं धरून चालू नका.

या झडतीत शत्रूबरोबर एका मित्रालाही शोधायचं असतं. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला पुढून रक्त देणारी एक मोठी वाहिनी आहे, आडामकिव्हिच रोहिणी. पोलिश वैद्य अल्बर्ट आडामकिव्हिच यांनी १८८२ मध्ये तिचं वर्णन केलं. बहुतेकांत ती डावीकडून, डी-९ ते डी-१२ च्या दरम्यान येते. ज्या फाट्यातून फिस्ट्युलाला रक्त मिळतं त्याच फाट्यातून हीही निघत असेल, तर नळीतून औषध सोडून जोडणी बुजवायला जाणं म्हणजे पाय कायमचे गमावण्याची जोखीम. तिथे ऑपरेशनच बरं.

हे सगळं कळायला वैद्यकशास्त्राला निम्मं शतक लागलं. १९२६ मध्ये शार्ल फ्वा आणि तेओफिल आलाजुआनिन या फ्रेंच डॉक्टरांनी हळूहळू पाय जाणाऱ्या दोन रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हा मज्जारज्जूच कुजत जातो असं वाटलं होतं. पुढे सर्जन लोकांनी पाठ उघडली, तर त्यांना दिसत त्या मज्जारज्जूवर पसरलेल्या फुगलेल्या नीला. आजार तोच समजून त्या सोलून काढत. रक्त परत नेणाऱ्या उरल्यासुरल्या वाटाही त्याने जात आणि काही रुग्णांचे पाय आणखी बिघडत. १९७४ मध्ये अमिनॉफ आणि सहकाऱ्यांनी नीलांमधल्या दाबाचा मुद्दा मांडला. १९७७ मध्ये लंडनच्या केंडल आणि लोग यांनी दाखवलं की मूळ जोडणी मज्जारज्जूवर नसून आवरणात, मज्जातंतूच्या मुळापाशी आहे. तिथून आत जाणारी एकच नीला बंद करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आजचं ऑपरेशन याच पायावर उभं आहे.

बंद करण्याच्या दोन तऱ्हा

पहिली तऱ्हा ऑपरेशनची. डीएसएने ठरवलेल्या पातळीला मणक्याचं मागचं थोडं हाड काढतात, आवरण उघडतात, मायक्रोस्कोपखाली ती नीला शोधतात. तिच्यावर तात्पुरती क्लिप लावली की आतल्या नीलांचा लालपणा उतरून त्या निळसर होतात. मग नीला जाळून कापतात. एका ऑपरेशनमध्ये जोडणी बंद होण्याचं प्रमाण शंभरात पंचाण्णवच्या वर आहे.

दुसरी एम्बोलायझेशनची. अँजिओग्राफीच्याच नळीतून आणखी बारीक नळी जोडणीपर्यंत नेऊन एनबीसीए नावाचा वैद्यकीय डिंक किंवा ओनिक्स नावाचं तसंच आत घट्ट होणारं द्रव्य सोडतात. पाठ उघडावी लागत नाही, रुग्ण लवकर उठतो, कधी तपासणी आणि उपचार एकाच बैठकीत होतात. अट मोठी कडक: डिंक रोहिणी ओलांडून नीलेच्या सुरुवातीपर्यंत पोहोचला पाहिजे. त्याआधी रोहिणीतच थिजला तर शेजारच्या फाट्यांतून रक्त वाट काढतं आणि काही महिन्यांत जोडणी पुन्हा चालू. फार पुढे गेला तर मज्जारज्जूचीच निचऱ्याची वाट बुजते. त्यामुळे पहिल्या प्रयत्नातलं यश ऑपरेशनपेक्षा कमी राहतं. "बिनटाक्याचं होतं ना, मग तेच करा," हा घरच्यांचा आग्रह मला समजतो, पण वाहिन्यांची रचना बघून निवड व्हावी. न्यूरोसर्जन आणि इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्ट (नळीतून उपचार करणारे डॉक्टर) दोघेही एकाच छताखाली असलेलं रुग्णालय निवडलं तर चर्चा निकोप होते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून, ठरलेला उपचार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो का, हे दाखल होण्याआधी लेखी विचारून घ्या.

इतर प्रकारांबद्दल थोडक्यात. मज्जारज्जूच्या आतच रक्तवाहिन्यांचा गुंता असलेला एव्हीएम हा मुलांत आणि तरुणांत दिसतो, आणि तो अचानक फुटू शकतो. पाठीत सुरा खुपसल्यासारखी कळ आणि तासाभरात पाय लुळे, असं झालं तर ओपीडीची वेळ बघायची नाही, न्यूरोसर्जरी असलेल्या इमर्जन्सीतच जायचं. त्याचा उपचार जास्त गुंतागुंतीचा, कधी टप्प्याटप्प्याने केला जाणारा. गुंता पूर्ण काढणं प्रत्येक वेळी शक्यही नसतं. कॅव्हर्नोमा, म्हणजे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका, हा आणखी एक, तो डीएसएमध्ये दिसतच नाही, एमआरआयवरच ओळखावा लागतो.

फिस्ट्युला बंद झाल्यावर पहिल्या दिवसांत काहींचे पाय उलट थोडे बिघडतात, कारण साचलेल्या नीलांमध्ये रक्त गोठू शकतं. हे लगेच डॉक्टरांना सांगायचं, काही वेळा रक्त पातळ करणारी औषधं लागतात. त्यानंतरचं काम आमचं. ताकद महिन्या-महिन्याने परतते. चालणं साधारण तिघांतल्या दोघांचं सुधारतं, लघवीचं नियंत्रण तिघांतल्या एखाद्याचंच. उपचाराआधी जो स्वतःच्या पायावर दवाखान्यात आला होता त्याला जास्त मिळतं, व्हीलचेअरवर आलेल्याला कमी. म्हणून मी सुरुवातीलाच घरच्यांना सांगते की लघवीकडे वेगळं लक्ष द्या. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल तर दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढायला रुग्णाने स्वतः शिकायचं. पुरुषांना याची लाज वाटते, बायकोसमोर बोलतही नाहीत, पण तुंबलेल्या लघवीने मूत्रपिंड जातात. ज्यांची जाणीव कमी आहे त्यांनी रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही.

साधारण तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय होतो. सूज उतरत असेल तर जोडणी बंद राहिली असं समजतात. चित्रात सूज थोडी उरली आणि पाय सुधारत असले तर घाबरायचं कारण नाही, चित्र नेहमी मागून येतं. पण सुधारलेले पाय पुन्हा जड होऊ लागले, किंवा लघवी पुन्हा अडू लागली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. तेव्हा डीएसए परत करतात, जुनी जागा उघडली आहे का, किंवा क्वचित दुसरी जोडणी आहे का, हे बघायला. दोन्ही सापडल्या तर पुन्हा बंद करता येतात.